मांद्र्यातली सहा पेडल्स आणि एक इंटरफेस: एका घरगुती रेकॉर्डिंगचा प्रकरण अभ्यास

सगळी पेडल्स (गिटारच्या आवाजाला वेगवेगळे परिणाम देणारी, पायाने चालू-बंद करायची यंत्रे) बंद केली की गिटारचा आवाज बद्द व्हायचा. त्यांतले एक जरी चालू केले की पुन्हा उजळायचा. गिटारवादकाची मूळ तक्रार एवढीच होती. गुणगुण, शिट्टी, खरखर या बाकीच्या गोष्टी त्याने "जुन्या घरात असे व्हायचेच" म्हणून सोडून दिल्या होत्या. प्रत्यक्षात पाच-सहा वेगवेगळे दोष एकमेकांवर चढून बसले होते, आणि त्यांतला एक तर आवाजाचा नव्हे, जिवाचा प्रश्न होता.

घर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, वायरिंग जुने. चतुर्थीआधी चार भक्तिगीतांसाठी गिटारचे ट्रॅक द्यायचे होते, म्हणजे काम जुलैतले, ऐन पावसातले. गिटार इलेक्ट्रिक, तारांची कंपने पकडणाऱ्या तीन सिंगल कॉइल पिकअपची. पेडल्स या क्रमाने: फझ, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, ॲनालॉग कोरस, डिजिटल डिले, डिजिटल रिव्हर्ब. इंटरफेस, म्हणजे सिग्नल लॅपटॉपमध्ये नेणारे आणि परत बाहेर आणणारे यंत्र, यूएसबीच्या विजेवर चालणारा. पुढे दोन कॉम्बो जॅक, प्रत्येकाला गिटार थेट जोडण्यासाठीचे 'इन्स्ट' बटण. मागे दोन लाइन इनपुट आणि चार लाइन आउटपुट. विंडोज लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर.

बद्द आवाज

वादकाने 'इन्स्ट' बटण बंद ठेवले होते, म्हणजे पुढचा जॅक लाइन इनपुट म्हणून चालत होता. त्याला कारण होते. ओव्हरड्राइव्ह आणि कॉम्प्रेसर दोन्ही चालू असताना 'इन्स्ट'वर गेन शून्यावर आणूनही लाल दिवा लागे. लाइनवर लागत नसे. निर्णय चुकीचा नव्हता, अर्धा होता.

सहाही पेडल्स 'ट्रू बायपास' प्रकारची होती. असे पेडल बंद केले की ते वाटेतून पूर्ण बाजूला होते आणि आत-बाहेरचे जॅक थेट जोडले जातात. सहाही बंद केल्यावर पिकअप थेट इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडला जात होता. या इंटरफेसच्या माहितीपत्रकात लाइन इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विजेचा अडथळा) २० किलोओम आणि 'इन्स्ट'चा १ मेगाओम दिलेला आहे. सिंगल कॉइल पिकअपचा डीसी रोध ६ किलोओमच्या आसपास असतो, पण तो आकडा फसवा आहे. पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल. तिचा इंडक्टन्स, म्हणजे सूर उंच होईल तसा अडथळा वाढवणारा गुण, २.५ हेन्री धरला तर ५ किलोहर्ट्झला तिचा अडथळा सुमारे ७८ किलोओम होतो. त्यासमोर २० किलोओमचा भार ठेवला की त्या पट्टीत जवळपास १२ डीबी गळतात, तर खर्जात दोन-सव्वादोनच. कान त्यालाच बद्द म्हणतो. एखादे पेडल चालू केले की त्याचा आउटपुट इम्पीडन्स १ किलोओमच्या आतबाहेर असल्याने २० किलोओम त्याला जड जात नाही, आणि आवाज उजळतो.

नवे बफर पेडल (सिग्नलला पुढचा भार पेलण्याची ताकद देणारे) विकत घ्यायची वेळ आली नाही. डिले पेडलमध्ये 'ट्रेल्स' नावाची सोय होती: पेडल बंद केल्यावर आधीचे प्रतिध्वनी विरत जाऊ द्यायचे. ती चालू केली की पेडल बायपासमध्येही सिग्नल आतल्या बफरमधून नेते. एक छोटा स्विच सरकवला आणि मूळ तक्रार तिथेच मिटली. बऱ्याच डिजिटल डिले-रिव्हर्बमध्ये अशी सोय असते. खरेदीला निघण्याआधी माहितीपत्रक वाचावे.

बफर कुठे बसतो हेही पाहावे लागते. गिटारची ६ मीटर केबल, पेडल्समधले तुकडे आणि पुढे इंटरफेसपर्यंत ३ मीटर, असे मिळून १० मीटर झाले. साधारण केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर पिकअपचा अनुनाद ३ किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो. तीच केबल ५ मीटर असेल तर तो ४ किलोहर्ट्झच्या पुढे राहतो. बफरच्या पुढची लांबी या हिशेबात येत नाही. डिलेमधल्या बफरमुळे शेवटचे ३ मीटर सुटले. गिटारची केबल ६ ऐवजी ३ मीटरची घेतल्यावर उरलेलेही सुटले. बसून वाजवणाऱ्याला ६ मीटर लागतात कशाला?

गुणगुण, भुणभुण आणि शिट्टी

तिन्हींना एकच "नॉइज" म्हणून चालत नाही. प्रत्येकाचे मूळ वेगळे असते. म्हणून सगळे सोडून पहिल्या टोकापासून एकेक जोडत गेलो. फक्त गिटार, एक केबल, 'इन्स्ट' चालू, लॅपटॉप बॅटरीवर, कानांना हेडफोन.

या अवस्थेत भुणभुण होती आणि गिटार खोलीत फिरवली की कमीजास्त होत होती. म्हणजे ती हवेतून पिकअपमध्ये येत होती. पंखा पाचवर नेला की जवळजवळ शांत, दोनवर आणला की भुणभुण वाढे. रेग्युलेटर ट्रायॅकचा होता, वीजलहरीचा प्रत्येक अर्धा भाग मध्येच कापून पंख्याला देणारा. त्या धारदार कापाची हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या वरच्या पटी) सिंगल कॉइल लगेच पकडतात. रेकॉर्ड करताना पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद, हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे कपॅसिटरचा पायरी-पायरीने फिरणारा रेग्युलेटर. तो लहर कापत नाही.

मग लॅपटॉपचा चार्जर लावला आणि नवी गुणगुण सुरू झाली. इथे गिटारच्या तारांना हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या. ही खूण कानाआड करू नये. चार्जर तीन पिनांचा, सॉकेटही तीन भोकांचे. पण मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट आणि फेज-अर्थ ९० च्या आसपास, तेही सारखे हलणारे. अर्थिंग शाबूत असेल तर फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकेच दिसते आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जात नाही. इथे अर्थची तार मीटर बोर्डाजवळ तुटलेली निघाली. चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीची वाट नव्हती, म्हणून ती लॅपटॉप, यूएसबी, इंटरफेस आणि केबलच्या जाळीवाटे गिटारच्या तारांपर्यंत पोचत होती.

पावसाळ्यात, ओलसर लादीवर अनवाणी बसून गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट रेकॉर्डिंगच्या आधी येते. परवानाधारक वायरमनकडून अर्थ पिट नव्याने करून घेतला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. चिऱ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये पिटात पाणी घालत राहावे लागते, नाहीतर रोध वाढतो. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला आजही कानोकानी फिरतो. तो कोणीही, कधीही पाळू नये. तोडायचीच असेल तर तीन तारांच्या, बॅलन्स्ड सिग्नल केबलची जाळी एका टोकाला तोडता येते. विजेच्या अर्थला हात लावायचा नाही.

अर्थ आल्यावर लॅपटॉप आणि मॉनिटर स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले आणि स्पीकरकडे जाणाऱ्या केबल तीन तारांच्या, बॅलन्स्ड लावल्या. आधी स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये होते आणि ५० हर्ट्झची गुणगुण फक्त स्पीकरमधून येत होती, रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकमध्ये नव्हती. हा साधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी जोडलेल्या अर्थमुळे झालेले वर्तुळ. ट्रॅकमध्ये आहे की फक्त ऐकू येतो, हे तपासले की निम्मा शोध संपतो.

उरली शिट्टी: बारीक, उंच, डिलेचे बटण फिरवले की सूर बदलणारी. सगळी पेडल्स एकाच ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर साखळी केबलने जोडलेली होती. फक्त फझ वेगळ्या बॅटरीवर. वादकाचा समज असा की अडॅप्टर कमी पडतो. हिशेब मांडला: कॉम्प्रेसर ५, ओव्हरड्राइव्ह ८, कोरस १५, डिले ६०, रिव्हर्ब १५० मिलिअँपिअर, बेरीज २३८. अडॅप्टर १००० मिलिअँपिअरचा. करंट भरपूर होता. दोष वाटणीचा होता. डिजिटल पेडलमधल्या क्लॉकचे आणि आतल्या वीजपुरवठ्याचे झटके सामाईक ग्राउंडवरून कॉम्प्रेसरपर्यंत जात होते, आणि कॉम्प्रेसरचे कामच बारीक आवाज वर काढण्याचे. डिले साखळीतून काढून वेगळ्या अडॅप्टरवर लावला आणि शिट्टी गेली. पुढे वेगवेगळे, एकमेकांपासून विलग आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घेतला. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या: "आयसोलेटेड" हा शब्द प्रत्येक आउटपुटला लागू आहे ना, आणि रिव्हर्बसाठी किमान ३०० मिलिअँपिअरचे एक तोंड आहे ना. पेडल्सचा नेहमीचा डीसी प्लग २.१ मिलिमीटरचा असतो, मधली पिन ऋण. उलट ध्रुवाचा लावला की पेडल जळू शकते.

फझ बॅटरीवरच ठेवले. ते जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरचे, धन-ग्राउंडचे आहे, म्हणजे त्याचा ग्राउंड इतरांच्या उलट धन ध्रुवाला. साखळीत इतरांबरोबर जोडले असते तर जाळीवाटे अडॅप्टरच शॉर्ट झाला असता.

लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर सुरू होई तेव्हाची भुणभुण मात्र सुटली नाही. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे; साइन लहरीचा घेतल्याशिवाय ती जाणार नाही. जुलैत मांद्र्यात लाइट जाणे काही नवे नाही, म्हणून कामाची पद्धतच बदलली: लॅपटॉप बॅटरीवर, इन्व्हर्टर बंद, आणि फक्त कोरडी, म्हणजे पेडल्सशिवायची, गिटार रेकॉर्ड करायची. पेडल्स नंतर, लाइट आल्यावर.

कोरडा ट्रॅक पुन्हा पेडल्समधून नेणे

आमच्या मते घरी काम करणाऱ्यासाठी हीच सर्वांत शहाणपणाची रचना आहे. गिटार थेट 'इन्स्ट'मध्ये, सर्वांत जोराचा ठोका −१० डीबीएफएसच्या आसपास (० ही डिजिटल मीटरची कमाल). वाजवणे एकदाच, आवाज ठरवायला मागाहून हवा तेवढा वेळ. गायकाने दोन दिवसांनी "डिले जरा कमी करा" म्हटले तर पुन्हा वाजवावे लागत नाही.

वादकाने हे आधीही करून पाहिले होते: आउटपुट ३ मधून थेट ओव्हरड्राइव्हमध्ये. आवाज चिरका आणि चेपलेला आला, ड्राइव्ह शून्यावर असतानाही. या इंटरफेसचे आउटपुट कमाल +१६ डीबीयू, म्हणजे सुमारे ४.९ व्होल्ट देते. मोनो प्लग लावला की बॅलन्स्ड आउटपुटची एक बाजू ग्राउंडला जाते आणि निम्मे, सुमारे २.४ व्होल्ट उरतात. (मोनो प्लग चालतो का, हे त्या इंटरफेसच्या माहितीपत्रकात पाहूनच लावावा.) ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला तेवढेही जास्त होतात. शिवाय लाइन आउटपुटचा इम्पीडन्स शे-दोनशे ओमचा असतो. पिकअपसारखा तो वागत नाही.

उपाय म्हणजे दोन रेझिस्टर. ॲल्युमिनियमची लहान डबी, दोन मोनो जॅक, पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर: २२ किलोओम आणि १० किलोओम. इनपुट जॅकच्या टोकापासून आउटपुट जॅकच्या टोकापर्यंत २२ किलोओम. आउटपुटच्या टोकापासून ग्राउंडला १० किलोओम. दोन्ही जॅकचे ग्राउंड एकमेकांना आणि डबीला. सिग्नल १० डीबीने उतरतो आणि पेडलला समोर सुमारे ७ किलोओमचा स्रोत दिसतो, पिकअपच्या डीसी रोधाच्या जवळचा. सामान म्हापशाच्या बाजारात सहज मिळते. डाग देताना जॅकचे प्लास्टिक वितळणार नाही एवढे जपावे. या डबीत विलगीकरण नाही. ग्राउंड लूप झालाच तर ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असलेला रीॲम्प बॉक्स लागतो. इथे पेडल्सचा पुरवठा अर्थला जोडलेला नसल्याने लागला नाही.

पातळी जुळवताना अंदाजाने काम करू नये, कारण ओव्हरड्राइव्हचा सगळा स्वभाव त्याला मिळणाऱ्या पातळीवर ठरतो. पद्धत अशी:

१. कोरडी गिटार रेकॉर्ड करताना 'इन्स्ट'चे गेन बटण जिथे होते तिथेच ठेवायचे. बटणाचा फोटो काढून ठेवलेला बरा.
२. रीपरमध्ये २०० हर्ट्झचा साइन स्वर −१८ डीबीएफएसवर, आउटपुट ३ कडे.
३. आउटपुट ३ पासून डबी, डबीपासून केबल थेट त्याच 'इन्स्ट' इनपुटमध्ये. मध्ये पेडल नाही. त्या इनपुटचे मॉनिटरिंग (आलेला आवाज लगेच बाहेर ऐकवणे) बंद.
४. इनपुट मीटर −१८ दाखवेपर्यंत सेंडची (रीपरमधून आउटपुट ३ कडे पाठवलेल्या सिग्नलची) पातळी हलवायची.

जुळले, की कोरड्या ट्रॅकवरची गिटार पेडलपर्यंत बरोबर तितक्याच व्होल्टेजने पोचते जितक्या व्होल्टेजने ती खरी गिटार इंटरफेसमध्ये आली होती. या प्रकरणात सेंड सुमारे ७ डीबी वर न्यावा लागला. ट्रॅकचे टोक −१० वर होते म्हणून तरीही क्लिप झाले नाही, म्हणजे कमालीच्या वर जाऊन कापले गेले नाही. त्याच गेनवर एखादा ठोका −३ पर्यंत गेला असता तर झाले असते.

परतीची वाट मागच्या लाइन इनपुट ३ आणि ४ मध्ये, कारण रिव्हर्बचे आउटपुट स्टिरिओ. इथे 'इन्स्ट'ची गरज नाही. रिव्हर्बच्या आउटपुटला लाइन इनपुट पेलतो.

पहिल्याच प्रयत्नात भोंगा वाजला. परतीच्या ट्रॅकवर मॉनिटरिंग चालू होते आणि तोच ट्रॅक आउटपुट ३ कडेही जात होता, वर्तुळ पूर्ण. नियम ठरवला: आउटपुट ३ ला फक्त कोरडा ट्रॅक, परतीचा ट्रॅक फक्त मास्टरला, आणि मास्टर फक्त आउटपुट १-२ ला. हेडफोन उतरवून, आवाज खाली घेऊनच पहिली चाचणी करावी. असा भोंगा कानांना खरोखर इजा करतो.

त्याआधी थेट वाजवताना आवाज दुहेरी, पोकळ येत असे तो वेगळा प्रश्न होता. इंटरफेसवरचे 'डायरेक्ट मॉनिटर' आणि रीपरचे मॉनिटरिंग दोन्ही चालू होते. एक बंद केले, मिटले.

उशीर

४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (हा पेडलमधला नव्हे, लॅपटॉप सिग्नल साठवून घेतो तो) म्हणजे एका दिशेला २.७ मिलिसेकंद, त्यात कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरची भर पडते. रीपरमधल्या रीइन्सर्ट प्लगइनच्या 'पिंग'ने मोजल्यावर पूर्ण फेरी ४६७ सॅम्पलची, म्हणजे ९.७ मिलिसेकंदांची निघाली. मोजताना डिले आणि रिव्हर्ब पूर्ण बाजूला काढले होते. त्यांच्या शेपटीमुळे पिंग चुकतो.

एवढे करूनही कॉम्प्रेसरचा परतलेला ट्रॅक कोरड्यात मिसळला की पोकळपणा राहत होता. डिजिटल पेडल्स वाटेत असली की त्यांचे स्वतःचे कन्व्हर्टर मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद घेऊ शकतात, आणि ते पिंगमध्ये आलेले नसतात. १ मिलिसेकंदाच्या फरकाने दोन सारखे सिग्नल मिसळले की पहिली खाच ५०० हर्ट्झला पडते, गिटारच्या ऐन गाभ्यात. म्हणून दोन फेऱ्या केल्या. पहिली फक्त ॲनालॉग पेडल्सची; तिचा ट्रॅक कोरड्याच्या जागी घ्यायचा, त्यात मिसळायचा नाही. दुसरी डिले-रिव्हर्बची, दोन्ही पेडल्समध्ये कोरडा आवाज बंद करून, फक्त ओला. तिथे मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही.

ओव्हरड्राइव्हच्या ट्रॅकला पुढे स्पीकर कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेटच्या आवाजाचा डिजिटल ठसा) लावावा लागला. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. तो नसला की ओव्हरड्राइव्हचे वरचे काटे उघडे पडतात आणि आवाज डासासारखा भुणभुणतो. याला पेडलचा दोष समजून पेडल विकणारे लोक आहेत. खऱ्या ॲम्प्लिफायरचे स्पीकर आउटपुट मात्र चुकूनही इंटरफेसला जोडायचे नाही. त्यावरची पातळी इनपुट मारून टाकते.

फझ या सगळ्यातून वगळले. जर्मेनियम फझचा इनपुट इम्पीडन्स काही किलोओमांचाच असतो. पिकअपची कॉइल आणि गिटारचे व्हॉल्यूम बटण त्याच्या सर्किटचा भागच बनतात. व्हॉल्यूम जरा खाली केल्यावर आवाज काचेसारखा स्वच्छ होतो तो याच नात्यामुळे. डबीतले ७ किलोओम रोध देतात, कॉइल देत नाहीत. दोन प्रयत्नांत आवाज कोरडा आणि करवतीसारखा आला. म्हणून एका गीतातला फझचा तुकडा गिटार, फझ आणि 'इन्स्ट' असा थेटच वाजवून घेतला.

खरखर

शेवटपर्यंत राहिलेली खरखर पॅच केबल्सची होती. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा यांत निकेलच्या प्लगवर आणि जॅकच्या आतल्या पत्तीवर पापुद्रा चढतो. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चौदाही प्लग पुसले. जॅकमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक थेंब आणि प्लग दहा वेळा आत-बाहेर. दोन केबल तरीही हलवल्यावर कडकडत होत्या. उघडल्या तर ग्राउंडची जाळी एकाच धाग्यावर लटकलेली. त्यांना नव्याने डाग दिला. आता पेडलबोर्ड झाकणाच्या पेटीत सिलिका जेलसकट ठेवतात. जेल गुलाबी पडले की मंद आचेवर तव्यात निळे होईपर्यंत, खिडकी उघडी ठेवून तापवायचे. तो तवा स्वयंपाकाला पुन्हा वापरायचा नाही, कारण निळ्या जेलमधले कोबाल्ट क्लोराइड विषारी असते.